जुना व्हाइस भंगारात घालण्याआधी एवढं वाचा

गोडाऊनमध्ये, बंद पडलेल्या कारखान्याच्या सामानात नाहीतर आजोबांच्या बेंचवर जुना बेंच व्हाइस (कामाच्या टेबलाला बसवायचा, जबड्यात वस्तू आवळून धरणारा शिकंजा) पडलेला असेल आणि भंगारवाला किलोचा भाव सांगत असेल तर जरा थांबा. कोल्हापुरात उद्यमनगरला आमचं छोटं वर्कशॉप आहे, आम्ही जुने व्हाइस दुरुस्त करून देतो, चांगला असेल तर विकत पण घेतो. व्हॉट्सअॅपवर रोज तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय.

सगळ्यात पहिली विनंती, आमच्याकडं आणायच्या आधी त्याला ग्राइंडर लावू नका. गंज दिसला की हात शिवशिवतात हे मान्य, पण व्हाइसची सगळी ओळख अंगावरच्या ओतीव अक्षरांत असते आणि ती अक्षरं फार उंच नसतात, ग्राइंडर दोनदा फिरला की नाव गेलं, नंबर गेला, आणि ते परत आणता येत नाही. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासला की धूळ थेट फुफ्फुसात जाते. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि साधा ब्रश घ्या, चिकटलेलं ग्रीस काढा, मग पांढरा खडू आडवा धरून अक्षरांवरून हलका फिरवा. खडू फक्त उंच भागाला लागतो आणि नाव वाचता येतं. तसाच फोटो काढून पाठवा, आम्हाला तेवढं पुरतं.

आपल्या भागात जे जुने चांगले व्हाइस सापडतात त्यात इंग्लंडचा माल भरपूर असतो, कारण रेल्वे वर्कशॉप, कापड गिरण्या, साखर कारखाने, टेक्निकल शाळा सगळीकडं तेव्हा तिकडूनच सामान यायचं. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करत बंद पडत गेल्या आणि त्यांच्या मेंटेनन्स खात्यातलं बरंच सामान असंच बाजारात उतरलं. पुण्यात बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली तर अजून एखादा दिसतो.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते रेकॉर्डबद्दल. शेफिल्डच्या सी अँड जे हॅम्प्टन कंपनीचा हा ब्रँड, रंग निळा, अंगावर नाव आणि मॉडेल नंबर ओतलेला असतो. फिटरच्या साध्या व्हाइसमध्ये 3 नंबर म्हणजे 4 इंची जबडा, 5 नंबर म्हणजे 5 इंची आणि 6 नंबर म्हणजे 6 इंची, त्यामुळं नंबर वाचून झाला की जबड्याची रुंदी पट्टीनं मोजा. दोन्ही जुळलं नाही तर पुढचा जबडा दुसऱ्याच व्हाइसचा बसवलेला असू शकतो, असे जोडलेले नग बाजारात येतात. 52, 52½ आणि 53 हे नंबर दिसले तर तो सुताराचा व्हाइस, 7, 9 आणि साडेदहा इंची, बेंचच्या खालून बसतो आणि त्याला लाकडाच्या फळ्या लावायच्या असतात, तो फिटिंगच्या कामाला घेऊ नका.

दुसरं नाव पार्किन्सन, यॉर्कशायरमधल्या शिपली गावचं. त्यांच्या परफेक्ट व्हाइसला हँडलजवळ एक लिव्हर असतो, तो दाबला की आतला अर्धा नट स्क्रूवरून सुटतो आणि जबडा एका झटक्यात मागंपुढं सरकतो, सोडला की परत पकडतो. आमच्या मते जुन्या मालातली ही सगळ्यात सुंदर यंत्रणा आहे, पण घेताना तिथंच बघायचं. जबड्यात लाकडाचा तुकडा धरा, हँडल चांगलं आवळा, आणि कट्कन आवाज येऊन पकड सुटली तर अर्ध्या नटाचे आटे गेलेत किंवा स्प्रिंग मेलीय. दोन्ही बनवता येतं, पण खर्च धरूनच किंमत ठरवा.

अमेरिकेतले आपले लोक पण फोटो पाठवतात, तिकडं बहुतेक विल्टन असतो, मागून बंदुकीच्या गोळीसारखा गोल. कंपनी 1941 ची शिकागोची. पुढचा जबडा पूर्ण बाहेर काढून त्याच्या सरकणाऱ्या दांड्याची खालची बाजू बघा, तिथं तारीख ठोकलेली सापडेल. मात्र बऱ्याच जुन्या नगांवर ती गॅरंटी संपायची तारीख असते आणि गॅरंटी 5 वर्षांची होती, म्हणजे व्हाइस त्या तारखेपेक्षा 5 वर्षं जुना.

आणि लोहाराचा लेग व्हाइस, लांब पाय जमिनीपर्यंत येणारा. हा बीडाचा (ओतीव लोखंडाचा) नाही, घडीव असतो, आणि ठोक्याचा मार पायातून जमिनीत जातो म्हणूनच त्याच्यावर घण चालतो. पाय अधांतरी ठेवून नुसता बेंचला बोल्ट मारला तर काही उपयोग नाही.

आता तब्येत कशी तपासायची. जबडा निम्मा उघडा, पुढचा भाग दोन्ही हातांनी धरून वरखाली आणि आजूबाजूला हलवा. जुन्या व्हाइसला थोडी हालचाल असणारच, खडखड नको. मग वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या जबड्याच्या दोन टोकांना धरून हलकं आवळा आणि ओढून बघा. एक घट्ट आणि एक सहज निघाली तर जॉ प्लेट (जबड्याच्या तोंडावरच्या पट्ट्या) वाकड्या आहेत किंवा जबडा तिरका झालाय.

तड्यासाठी आमची पद्धत जुनीच आहे पण अजून खात्रीची. संशयाच्या जागी रॉकेल लावून पंधरा-वीस मिनिटं राहू द्यायचं, कोरड्या फडक्यानं अगदी स्वच्छ पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळपट रेघ उमटते. पुढच्या जबड्याची मान, नटाची जागा आणि फिरत्या बेसचे बोल्ट बसायचे कान, या तीन जागा सोडू नका. हँडलला पाइप घालून आवळायची सवय जिथं असते तिथं तडा हमखास मिळतो. नवा जाड रंग मारलेला व्हाइस दिसला तर जास्तच संशय घ्या, रंगाखाली लांबी (पुट्टी) असते आणि लांबीखाली काय आहे ते विकणाऱ्यालाच माहीत.

तडा निघाला म्हणजे व्हाइस गेला असं नाही, पण साध्या वेल्डिंग रॉडनं कोणाकडून जोडून घेऊ नका. बहुतेक जुने व्हाइस बीडाचे, बीड ठिसूळ, एकाच जागी तापवलं की टाका धरतो आणि बाजूला नवीन तडा जातो. आम्ही तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक मारतो म्हणजे तो पुढं पळत नाही, मग खाच पाडून अख्खा भाग आधी गरम करतो, निकेल रॉडनं छोटे छोटे टाके घेतो, प्रत्येक टाका हलकेच ठोकतो आणि शेवटी सगळा नग कोरड्या चुन्यात पुरून ठेवतो. हात लावण्याइतका थंड व्हायला दुसरा दिवस उजाडतो, कितीही घाई असली तरी त्यात आम्ही सवलत देत नाही. काही ठिकाणी पितळी ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोडणं, जास्त बरं पडतं. जबड्याची मानच आरपार तुटली असेल तर आम्ही काम घेत नाही, तो जोड ताणाखाली तुमच्या हातावर सुटू शकतो. असा नग शोभेला ठेवायला मात्र जरूर जोडून देऊ.

गंजासाठी घरी करायचं असेल तर इलेक्ट्रोलिसिस चांगलं. प्लॅस्टिकचा टब, दर चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. व्हाइसचा भाग निगेटिव्हला, भंगारातली साध्या लोखंडाची पट्टी पॉझिटिव्हला, आणि दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. स्टेनलेस स्टीलची पट्टी अजिबात वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करा, जवळ बिडीकाडी नको, हात घालायच्या आधी चार्जर बंद. बाहेर काढल्यावर लगेच धुवून, ब्रश मारून, वाळवून तेलाचा हात द्या, नाहीतर काही मिनिटांत तांबूस गंज परत चढतो.

जॉ प्लेटचे स्क्रू हा सगळ्यांचा डोकेदुखीचा विषय. जोर लावून डोकी खराब करण्यापेक्षा गंज सोडणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग गरम करा आणि ठोक्याचा स्क्रू ड्रायव्हर लावा. इंग्लिश व्हाइसमध्ये व्हिटवर्थ (जुन्या इंग्लिश इंची मापाचे) आटे असतात, त्यात मेट्रिक स्क्रू रेटून बसवला की भोकाचे आटे गेलेच समजा. अमेरिकन स्क्रू पण फसवतो, अर्धा इंच जाडीच्या स्क्रूला दर इंचाला व्हिटवर्थचे 12 आटे आणि अमेरिकन 13, दोन फेऱ्या जातो आणि अडकतो. मूळ प्लेट हरवल्या असतील तर आम्ही ओएचएनएसच्या (तेलात हार्ड होणारं टूल स्टील) बनवून, खाचा पाडून, हार्ड करून देतो. मूळ प्लेट झिजलेल्या असल्या तरी फेकू नका, आम्ही त्या पिशवीत घालून व्हाइसबरोबर परत देतो, गोळा करणाऱ्या माणसाला त्यांची किंमत असते.

रंगाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. मूळ रंग साठ-सत्तर टक्के शिल्लक असेल तर तो धुवून वर मेणाचा हात देतो, बाकी काही करत नाही. रंग संपलेलाच असेल तर रेड ऑक्साइड आणि वर इनॅमल. सरकणाऱ्या भागाला, स्क्रूला आणि जबड्याच्या तोंडाला रंग नाही, तिथं ग्रीस. क्रोम करून द्या, आरशासारखा पॉलिश करून द्या अशी कामं येतात ती आम्ही परत पाठवतो, कारण त्यासाठी ओतकामाचा मूळ पृष्ठभागच घासून काढावा लागतो.

पाठवताना जबडा पूर्ण बंद करा, हँडल चिकटपट्टीनं बांधा आणि लाकडी खोक्यात घाला, पुठ्ठ्याचा बॉक्स कुरिअरमध्ये फाटतो आणि बीडाचा नग पडला की कान तुटतो. आधी चार फोटो हवेत, दोन्ही बाजू, वरून जबडा, आणि खालून. सुटलेले स्क्रू, वॉशर, तुटके तुकडे सगळं एका पिशवीत भरून सोबत द्या, तुटलेल्या कानाचा तुकडा सोबत असला तर जोडकाम निम्म्या वेळात होतं.