नवा डेस्कटॉप घरी नेल्यावर आधी मागची बाजू पाहा

कॉम्प्युटर चालू होतो, कामही होतं, पण ज्या भागासाठी जादा पैसे मोजले तो भाग वापरातच येत नाही, असं नव्या मशीनबाबत नेहमी घडतं. कारण बहुतेक वेळा कॅबिनेटच्या मागेच सापडतं.

ग्राफिक्स कार्ड घेतलं असेल तर एचडीएमआयचे पोर्ट दोन ठिकाणी दिसतील. एक वर, यूएसबीच्या शेजारी. दुसरा खाली, कार्डाच्या पट्टीवर. मॉनिटरची केबल खालच्या पोर्टला लावा. वरच्याला लावली तर चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतं आणि कार्ड रिकामं बसतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या आकड्यानंतर ‘एफ’ असतो, त्यात ग्राफिक्स नसतंच, म्हणून स्क्रीन काळी राहते. मशीन रिक्षात घालून परत दुकानात आणण्याआधी एवढं नक्की बघा. 100 किंवा 144 हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा) मॉनिटरही बऱ्याचदा 60 वर चालत असतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून तो आकडा बदला.

रॅमचा वेग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तपासा. 6000 वेगाची डीडीआर5 रॅमची पट्टी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी किंवा एक्स्पो हे रॅमच्या पूर्ण वेगाचं सेटिंग चालू केल्याशिवाय 4800 किंवा 5600 लाच चालते. बायोस अपडेट केलं की हे सेटिंग सहसा मूळपदावर जातं. पुढे दुसरी पट्टी घेतलीत, तर चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. शेजारीशेजारी बसवल्या तर ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकत्र चालून मिळणारा वेग, मिळत नाही.

वायरलेस माउस अडखळतो? त्याचा डोंगल (यूएसबीत लागणारा छोटा रिसीव्हर) निळ्या यूएसबी 3 पोर्टमधून काढून काळ्या पोर्टमध्ये, शक्यतो पुढच्या बाजूला लावा. यूएसबी 3 च्या पोर्टला पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असताना माउस ज्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो त्यांत गोंगाट होतो. माउस खराब नसतो.

काही गोष्टी मशीनमध्ये नसतातच. कित्येक मदरबोर्डांवर वायफाय आणि ब्लूटूथ नाही. ज्यांवर आहे त्यांचे दोन अँटेना खोक्यातच विसरले जातात आणि मग शेजारच्या खोलीतलं राउटरही पकडत नाही. 512 जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे 476 दाखवते. तो मोजणीतला फरक आहे, माल कमी नाही. काही बोर्डांवर दुसरी एम.2 एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी) लावली की एखादा साटा पोर्ट, म्हणजे हार्ड डिस्कची केबल लागते तो, बंद होतो. जुनी हार्ड डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर केबल दुसऱ्या साटा पोर्टला लावून पाहा.

आता विजेचं, आणि हे आम्ही मुद्दाम लांबवून सांगतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष सहसा घराच्या अर्थिंगचा असतो. पॉवर सप्लायमधला फिल्टर थोडा करंट अर्थकडे सोडतो. अर्थ नसेल तर तो पत्र्यावरच राहतो. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो 2-3 व्होल्टच्या आत हवा. फेज आणि अर्थमध्ये साधारण 230 दिसला पाहिजे. तिथे फारच कमी दिसला तर अर्थ जोडलेलाच नाही. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अॅडॅप्टरमध्ये कधीही घालू नका.

600 व्हीएचा यूपीएस सुमारे 360 वॅटचा असतो. तो फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता आहे; लाइट गेल्यावर काम चालू ठेवायला नाही. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, गरम होताना तो एकदम भार ओढतो.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. कॅबिनेटच्या मागे किमान वीतभर जागा सोडा आणि पाण्याच्या कूलरचा झोत थेट मशीनवर येऊ देऊ नका. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागाजवळ राहत असाल तर सुताचे तंतू जाळीवर नमद्यासारखे बसतात. तिथे दर महिन्याला जाळी काढून झटका. इतरत्र तीन महिन्यांनी चालेल. ब्लोअर मारताना प्लग काढा आणि पंख्याचं पातं बोटाने धरा. मोकळं सोडलं तर पंखा वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं.