आफ्रिकेच्या काजू बीवर शून्य ड्युटी: फाइल नेमकी कुठे अडते

चंदगड, आजरा, वेंगुर्ला इथल्या कारखान्यांना स्थानिक बी वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेची बी मागवावी लागते. तिच्यावर मूळ सीमाशुल्क 2.5 टक्के आहे. म्हणजे 20 लाखांच्या मालावर 50 हजार. अल्पविकसित देशांसाठी भारताने 2008 साली सुरू केलेल्या शुल्कसवलत योजनेत हे शुल्क शून्यावर येतं. कोटा नाही, वेगळा परवानाही नाही. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे आयात मालाची नोंद, भरतानाच सवलत मागायची असते. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, मात्र भरावाच लागतो.

सर्वांत जास्त लोक फसतात ते देशावरून. टांझानिया, मोझांबिक, बेनिन यादीत आहेत. आयव्हरी कोस्ट आणि घाना नाहीत, कारण ते अल्पविकसित देशांत मोडत नाहीत. भाव ठरवताना सवलत धरली आणि माल निघाला आयव्हरी कोस्टचा, तर त्यावर काहीही इलाज नाही. सौदा करण्याआधीच देश लेखी घ्या.

दुसरा अडसर उत्पत्ती प्रमाणपत्राचा, म्हणजे माल कोणत्या देशाचा ते सांगणाऱ्या कागदाचा. त्या देशाच्या सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने याच योजनेच्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र लागतं. तिथल्या चेंबरचं, म्हणजे व्यापारी संघटनेचं, साधं प्रमाणपत्र कितीही शिक्के असले तरी चालत नाही. हातात आलं की उत्पत्तीच्या निकषाचा रकाना, म्हणजे माल कोणत्या आधारावर त्या देशाचा मानला ते, आधी बघा. तो रिकामा सुटलेला मी अनेकदा पाहिलाय. पोत्यांचा आकडा खोडून वर नवा लिहिलाय आणि शेजारी अधिकाऱ्याची सही-शिक्का नाही, एवढ्यावरूनही दावा फेटाळला जातो. म्हणून जहाज सुटण्याआधी स्कॅन मागवा. माल बंदरात पडल्यावर दुरुस्तीची धावपळ केली तर वाचलेले पैसे डेमरेजमध्ये, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याच्या आकारात, जातात.

तिसरं, माल थेट यायला हवा. वाटेत दुसऱ्या बंदरात जहाज बदललं तर चालतं, पण तिथे माल बाजारात गेलेला नसावा आणि चढउताराशिवाय त्यावर काही केलेलं नसावं. त्यासाठी मूळ देशातून निघालेलं थ्रू बिल ऑफ लॅडिंग, म्हणजे भारतापर्यंतच्या पूर्ण प्रवासाची एकच जहाज-पावती, लागतं. दोन तुकड्यांची दोन बिलं जोडून भागत नाही.

21 सप्टेंबर 2020 पासून लागू झालेल्या कॅरोटार नियमांनी, म्हणजे अशा सवलतीसाठी मालाची उत्पत्ती तपासण्याच्या कस्टमच्या नियमांनी, जबाबदारी थेट आयातदारावर टाकली आहे. ‘प्रमाणपत्र दिलं, आता तुम्ही बघा’ असं म्हणून सुटता येत नाही. बी कुठे पिकली, निर्यातदाराने कोणाकडून घेतली, ही माहिती या नियमांतल्या फॉर्म एकमध्ये आपल्याकडे तयार असावी लागते. कस्टमने मागितली की 10 कामकाजाचे दिवस मिळतात. आफ्रिकेतल्या व्यापाऱ्याकडून 10 दिवसांत कागद येत नाहीत, हे नियम करणाऱ्यांनी जरा ध्यानात घ्यायला हवं होतं. म्हणून ही माहिती ॲडव्हान्स पाठवण्याआधी मागा. एकदा पैसे गेले की समोरचा फोनही उचलत नाही.

तपासणी निघालीच तर घाबरू नका. शुल्कातल्या फरकाएवढी हमी देऊन माल तात्पुरता सोडवून घेता येतो, पण तशी विनंती आपणच करावी लागते. आणि ही फाइल बिल ऑफ एंट्रीपासून 5 वर्षं जपायची, कस्टमचं काम बघणारा ब्रोकर बदलला तरी.