ग्रिटी सगळ्यांना दिसला, पक कुणाला?

सप्टेंबर २०१८मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्स या आइस हॉकी संघाने ग्रिटी नावाचा शुभंकर आणला. नारिंगी झिपऱ्या, वटारलेले डोळे. लोक आधी त्याला हसले आणि मग त्याच्या मीम्सनी अमेरिका भरून गेली. त्यातल्या किती जणांना संघाचा कर्णधार सांगता आला असता, हा प्रश्न वेगळा.

एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेसमोर आली तरी ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८मध्ये दाखवलं होतं. पण आवडतं ते जे दिसतं ते. ग्रिटी दिसला, तर ग्रिटी.

आइस हॉकीत तर दिसण्याचीच पंचाईत. पक म्हणजे ७.६ सेंटीमीटर व्यासाची काळी रबरी चकती. उसळू नये म्हणून ती सामन्याआधी गोठवतात. जोरकस फटक्यावर ती ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जाते. सरावलेला प्रेक्षक खेळाडूंच्या हालचालींवरून ती कुठे असेल ते ताडतो (आपण क्रिकेटमध्ये हेच करतो), नवखा मात्र शोधत बसतो. १९९६मध्ये फॉक्स वाहिनीने पकच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स भरून पडद्यावर तिच्याभोवती निळसर प्रभा दाखवली. जुने प्रेक्षक वैतागले आणि दोनेक वर्षांत तो प्रकार बंद पडला.

मोबाइलवरच्या क्लिपने ही अडचण परस्पर सोडवली: गोल जवळून, सावकाश, दोनदा. पण या खेळात साधारण पाऊण मिनिटाला, खेळ न थांबवता, खेळाडू बदलतात. दमलेली फळी बाकावर, ताजी बर्फावर. सामन्याची लय त्यातच असते आणि क्लिपमध्ये नेमकी तीच कापली जाते.

शिवाय बघणाऱ्याने खेळायचं तर बर्फ हवा. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात १९९६मध्ये एनएचएल या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा संघ आला. तिथेच लहानाचा मोठा झालेला ऑस्टन मॅथ्यूज लीगच्या २०१६च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला आला. त्याच्या बालपणी रील्स नव्हत्या. घरापासून जाता येईल अशी रिंक, म्हणजे कृत्रिम बर्फाचं मैदान, होती.

लडाखचं उलटं. तिथे बर्फ आहे, पण बहुतेक ठिकाणी तो तळ्यांवरचा, जेमतेम दोन महिन्यांचा. भारताच्या महिला संघातल्या बहुतेक मुली तिथल्याच. २०१७मध्ये बँकॉकच्या स्पर्धेला जायला पैसे नव्हते, तेव्हा संघासाठी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली गेली. मुली गेल्या आणि फिलिपिन्सला ४-३ असं हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय घेऊन आल्या. २०२५च्या आशिया चषकात तर कांस्यपदक मिळालं. वर्गणी देणाऱ्यांपैकी अनेकांनी तोवर पक पाहिलीही नसेल.