मेंढा (लेखा)चा बांबू: एका परवाना-पुस्तकामागची साठ वर्षे

27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय वन व पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावात आले. त्या दिवशी ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवान्यांचे पुस्तक पडले. माल कोणता, किती नग, कुठून कुठे, कोणत्या गाडीतून, किती मुदतीत, अशा रकान्यांचे हे साधे पुस्तक. पण हा कागद सोबत नसेल तर जंगलातून निघालेला बांबूचा ट्रक पहिल्याच नाक्यावर अडतो. बांबूवरचा हक्क गावाला दीड-दोन वर्षांपूर्वीच मिळाला होता. तो विकता येत नव्हता, कारण हे पुस्तक वनखात्याकडे होते.

मेंढा धानोरा तालुक्यात आहे. शेजारच्या लेखा गावी गटग्रामपंचायत, म्हणजे अनेक गावांची मिळून एक पंचायत, म्हणून नाव मेंढा (लेखा). शंभराच्या आसपास घरे आणि भोवती सुमारे 1,800 हेक्टर जंगल. साग, ऐन, मोह, तेंदू, आवळा, आणि सगळीकडे मानवेल जातीचा बांबू. घराचा कूड, कुंपण, टोपली, सूप, धान्य साठवायची ढोली, पावसाळ्यात वास्त्यांची म्हणजे कोवळ्या कोंबांची भाजी, असा घरातला बांबूचा वावर. हे सगळे निस्तारात येत असे. निस्तार म्हणजे रोजच्या गरजेपुरते लाकूड, बांबू, गवत, चराई घेण्याचा गावाचा जुना हक्क. मालगुजारी-जमीनदारीच्या काळातही तो कागदावर नोंदलेला असे.

1950 साली तेव्हाच्या मध्य प्रदेशाने कायदा करून जमीनदारी आणि मालगुजारी संपवली आणि जंगल सरकारजमा झाले. आज गडचिरोली म्हणतो तो भाग तेव्हा चांदा जिल्ह्यात होता. निस्तारपत्रके तयार झाली, पण ती तलाठ्याच्या आणि वनखात्याच्या कपाटात राहिली आणि गावाला त्यांचा विसर पडला. पुढच्या काळात सरकारने लांब मुदतीच्या करारांनी या पट्ट्यातला बांबू कागद कारखान्याला दिला. डोळ्यांसमोरून बांबूचे ट्रक जात होते, आणि सुपासाठी चार बांबू आणणाऱ्या माणसाला मात्र गार्डाला काहीतरी द्यावे लागत होते. मेंढ्याच्या सगळ्या धडपडीच्या मुळाशी हा अपमान आहे, असे आम्हाला वाटते. पैशाचा विचार फार नंतर आला.

गाव एकत्र आले ते धरणांच्या निमित्ताने. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला इंचमपल्ली आणि भोपालपटनम या दोन मोठ्या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लाल श्याम शाह महाराज त्यात होते. धरणे मागे पडली. या आंदोलनातून परतलेल्या मेंढ्याच्या लोकांपुढे, त्यांत पुढे गावाचे नेतृत्व करणारे देवाजी तोफा होते, पुढचा प्रश्न उभा राहिला: धरण थांबवले, पण आपल्या शिवारात निर्णय कोणाचा? चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल याच सुमारास लोकांच्या निर्णयप्रक्रियेचा अभ्यास करायला गावात आले आणि गावाचे सहकारी झाले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच.

मेंढ्यावरच्या लिखाणात घोषणाच जास्त गाजते. कामाची रीत मागे पडते, म्हणून ती इथे नीट सांगतो.

पहिला भाग अभ्यासगटाचा. एखादा विषय घेऊन ज्याला रस आहे त्याने बसायचे, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, कायदा वाचायचा, आकडे मांडायचे. इथे निर्णय होत नाही. दुसरा भाग ग्रामसभेचा. निर्णय तिथेच, तोही सर्वसहमतीने. एकाचा जरी ठाम नकार असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. मतदान नाही. बाहेरच्याला ही पद्धत फार संथ वाटते आणि ती संथ आहेच. पण जंगलाच्या बाबतीत तिचे एक व्यवहारी कारण आहे. बहुमताने ‘या भागात तोड नाही’ असे ठरले आणि दहा घरांना ते मान्य नसले, तर त्या दहा घरांवर रात्रंदिवस पाळत ठेवायला गावाकडे माणसे कुठून येणार? सगळ्यांनी मान्य केलेला नियम राखायला चौकीदार कमी लागतात. सुरुवातीच्या काळात दारूबंदीचा निर्णय याच रीतीने झाला आणि त्यात बायका पुढे होत्या.

अभ्यासगटातूनच निस्तारपत्रकाची नक्कल शोधली गेली. जे आपण चोरून आणतो असे खाते म्हणते, त्याची सरकारदरबारी नोंद आहे, हे गावाला कागदावर दिसले. मधाचाही अभ्यास झाला, आणि पोळे जाळून माश्या मारण्याऐवजी माश्या राखून मध काढण्याची पद्धत गावाने बसवली. 1992 साली महाराष्ट्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचा, म्हणजे खाते आणि गाव यांनी मिळून जंगल राखण्याचा, शासननिर्णय काढला तेव्हा तो मुख्यतः उजाड वनांसाठी होता. मेंढ्याचे जंगल भरलेले होते. ज्यांनी जंगल राखले त्यांनाच योजनेबाहेर ठेवणे बरोबर नाही, हे गावाने लावून धरले आणि योजनेत जागा मिळवली. तरी तिथे जंगलाचा मालक खातेच होते आणि गाव भागीदार.

मालकीचा प्रश्न दोन कायद्यांनी बदलला. 1996च्या पेसा कायद्याने, म्हणजे पंचायतराज आदिवासीबहुल भागांना लागू करणाऱ्या कायद्याने, अनुसूचित क्षेत्रात पाड्याची, टोल्याची ग्रामसभा हे एकक मानले. मेंढ्यासारख्या गटग्रामपंचायतीतल्या गावाला हे फार महत्त्वाचे होते. मग 2006चा वनहक्क कायदा आला. त्याचे नियम 1 जानेवारी 2008 पासून लागू झाले. यातली तीन कलमे बांबूच्या गोष्टीचा कणा आहेत. कलम 2(झ) गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतिजन्य मालाची, व्याख्या करते आणि तिच्यात बांबूचे नाव स्पष्ट आहे. कलम 3(1)(ग) गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा मालकी हक्क देते. कलम 3(1)(झ) परंपरेने राखलेल्या सामूहिक वनाचे रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन गावाच्या हाती देते.

दावा करण्याची वाट अशी: ग्रामसभेने 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडायची. तीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. समितीने हद्द पायी फिरून नकाशा करायचा, शेजारच्या गावांना बोलावून सामाईक हद्दीवर त्यांची संमती घ्यायची, पुरावे जोडायचे. निस्तारपत्रक, जुने नकाशे, देवस्थानांच्या आणि पाणवठ्यांच्या जागा, वडीलधाऱ्यांचे जबाब, यांतले किमान दोन पुरावे लागतात. मग ग्रामसभेचा ठराव, त्यानंतर उपविभागीय समिती, शेवटी जिल्हा समिती. दावे अडकतात ते बहुतेक दोन जागी. एक, शेजारच्या गावाशी हद्दीचे बोलणे न करता दावा दाखल होतो आणि पुढे भांडण उभे राहते. दोन, कोरमाची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची, सही-यादी अपुरी असते. मेंढ्याने वीस वर्षे सभा घेतल्या होत्या आणि कागद जपले होते. 2009 साली मेंढा आणि शेजारचे मर्दा या दोन गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात असे हक्क मिळवणारी ही पहिली गावे.

इथे परवान्याचा पेच आला. 1927च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 2(7)मध्ये ‘वृक्ष’ या शब्दात बांबूही धरलेला होता. वनस्पतिशास्त्राने बांबू गवत आहे. कायद्याने मात्र तो झाड होता, आणि झाड म्हणजे इमारती लाकूड, म्हणजे खात्याचे. वनोपजाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकारही त्याच अधिनियमाच्या कलम 41ने राज्याला दिलेला. त्यामुळे हक्कपत्र गावाकडे आणि परवाना खात्याकडे अशी अवस्था झाली. 21 मार्च 2011 रोजी जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानावे असे कळवले, आणि सव्वा महिन्यात मेंढ्याच्या सभेत ते पुस्तक दिले गेले. 2012 साली वनहक्क नियमच सुधारले आणि ग्रामसभेच्या समितीने किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीने परवाना द्यावा अशी तरतूद झाली. कलम 2(7)मधून बांबू वगळला गेला तो 2017च्या अखेरीस, अध्यादेशाने. खाजगी शेतात बांबू लावणाऱ्यांना त्याचा मोठा फायदा झाला.

हक्क आला म्हणजे कोयता चालवता येतो असे नाही. मानवेलाचे बेट, गडचिरोलीकडे ज्याला रांजी म्हणतात, ते चुकीच्या हाताने दोन हंगामांत बसते. कोंब पावसाळ्यात फुटतात आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतात. बांबूची जाडी जमिनीतून वर येतानाच ठरलेली असते. पुढची दोन वर्षे तो जाड होत नाही, टणक होत जातो. पहिल्या वर्षीचा ओळखू येतो तो अंगावरच्या टरफलांवरून आणि पांढऱ्या पिठासारख्या थरावरून. तीन वर्षांचा झाला की हिरवेपणा मळतो, कांडीवर डाग येतात आणि कोयत्याच्या मुठीने ठोकला की आवाज भरीव येतो. तोडायचा तो हाच. कोवळा तोडला तर त्यातल्या पिष्टामुळे भुंगा लागतो, काही महिन्यांत पीठ पडते आणि व्यापारी पुढच्या वर्षी दर पाडतो.

कापायचा कुठे, हेही ठरलेले आहे. जमिनीपासून वीतभर ते फूटभर उंचीवर, पेराच्या लगेच वर. पेराच्या खूप वर कापला तर उरलेली पोकळ कांडी पेल्यासारखी पाणी धरते, कुजते आणि कूज खालच्या कंदात उतरते. बेटाचा कंद बाहेरच्या बाजूला वाढतो, नवे कोंब कडेला येतात. म्हणून कडेचे राखायचे आणि मधले जुने काढायचे. आत शिरण्यासाठी एका बाजूने, जिकडे नवे कोंब नाहीत तिकडून, घोड्याच्या नालासारखी वाट मोकळी करायची. त्या वर्षी जेवढे कोंब आले निदान तेवढे जुने बांबू आधाराला ठेवायचे, नाहीतर उरलेले कोवळे वाऱ्याने लवतात, वाकडे होतात. शेवटी बुंध्याजवळचा पाला-फांद्यांचा ढीग दूर ओढायचा, म्हणजे उन्हाळ्यातला वणवा बेटाच्या पायाशी पेटत नाही.

ठेक्याची तोड नेमकी याच्या उलट होते. मजुरी नगावर, त्यामुळे हाताला येतील ते कडेचे कोवळे बांबू जातात, आणि गुंतलेले मधले तसेच राहतात. खाली वाकायला वेळ नाही म्हणून कमरेइतके खुंट उरतात. दोन-चार फेऱ्यांत बेट आतून दाटून मरते. कागद कारखान्याच्या काळात या पट्ट्यात हेच झाले, आणि कागदाला वाकडा-सरळ सारखाच चालत असल्यामुळे कोणाला त्याची झळ बसली नाही. बांबू विकून वर्ष काढणाऱ्या ग्रामसभेला ती बसते. म्हणून तोडीचे नियम सभेत ठरवायचे, जंगलाचे तीन-चार भाग पाडून दरवर्षी एकाच भागात हात घालायचा, पावसाळ्यात तोड पूर्ण बंद ठेवायची, आणि तोडणाऱ्याच्या मजुरीतच बेट साफ करण्याची मजुरी धरायची. हा शेवटचा मुद्दा वगळला तर बाकीचे नियम कागदावर राहतात.

विक्रीतही चुकायला जागा आहेत. ग्रामसभेच्या नावाचे पॅन आणि बँक खाते हवे, निविदा जाहीर हवी, आणि माल जंगलातून हलण्याआधी रक्कम खात्यावर हवी. उधारीवर गेलेल्या गाड्यांचे पैसे वसूल करायला छोट्या गावाकडे ना वकील असतो ना वेळ. बंडलात किती नग आणि नगाची लांबी किती, हे करारात आकड्याने लिहावे लागते. ‘एक बंडल’ एवढेच लिहिले की भांडण ठरलेले. परवान्याचे स्थळप्रत-पुस्तक आणि विक्रीची वही दर महिन्याला सभेत ताडून पाहिली तर गफलत लपत नाही.

2013 साली मेंढ्याने पुढचे पाऊल उचलले. 1964च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाखाली गावकऱ्यांनी आपल्या खाजगी शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवली. कसणारा तोच राहतो, बाहेरच्याला जमीन विकता येत नाही. गडचिरोलीत आता हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. त्या सगळ्या गावांत मेंढ्यासारखी वीस वर्षांची सभांची सवय नाही, हे मान्य करायला हवे. काही ठिकाणी हक्क गावाचा आणि कारभार ठेकेदाराचा असे झाले आहे. उलट चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने 2012 साली हक्क मिळाल्यावर बांबू स्वतः तोडून लिलावाने विकला, आणि चांगले पैसे मिळत असूनही तेंदूपत्ता तोडणे बंद केले. कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, नवी पालवी यावी म्हणून जंगलाला आग लावली जाते, आणि ती आग बांबूच्या बेटात शिरते.

या सगळ्या गावांपुढे एक मोठे काम येणार आहे. मानवेल साधारण 25 ते 45 वर्षांतून एकदा मोठ्या टापूवर एकाच वेळी फुलतो, तांदळासारखे बी धरतो आणि मरतो. तेव्हा वाळलेली बेटे उन्हाळ्याआधी काढावी लागतात, नाहीतर सगळा टापू वणव्याच्या तोंडी जातो. बी पडलेल्या भागात रोप तगेपर्यंत काही वर्षे गुरे आणि आग दोन्ही बाहेर ठेवावी लागतात, आणि तेवढी वर्षे बांबूची विक्री जवळजवळ शून्यावर येते. त्या वर्षांची मजुरी आणि राखणीचा खर्च ग्रामकोषात, म्हणजे गावाच्या सामाईक निधीत, आधीच बाजूला ठेवायचा का, आणि दरवर्षी किती, हा विषय आतापासूनच अभ्यासगटांपुढे घ्यायला हवा. बेटे फुलायला लागल्यावर त्यासाठी वेळ उरत नाही.