‘गुण कधी येईल?’ या प्रश्नामागचा इतिहास

निफाड-सिन्नरकडून आईला घेऊन नाशिकच्या दवाखान्यात आलेल्या कुटुंबाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘डॉक्टर, गुण कधी येईल?’ अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात सगळी बोलणी या ‘गुण’ शब्दापाशीच अडतात.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटलं की विषय मिटे. वाट चुकलेले आजोबा रामकुंडावर सापडले, तर तो म्हातारचळ. त्याला डॉक्टर कशाला? जर्मनीतही फार वेगळं नव्हतं. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये जिच्या मेंदूतले बदल मांडले, ती बाई उपचाराला आली तेव्हा जेमतेम पन्नाशीची होती. १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं, तेही अशा अकाली स्मृतिभ्रंशापुरतं. सत्तरी-ऐंशीतला बराचसा स्मृतिभ्रंश हाच आजार आहे, हे वैद्यकात रुजायला १९७०चं दशक उजाडलं.

गोळी आली आणि अपेक्षाही आली. १९९३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं टॅक्रिन यकृताला बाधू लागलं आणि मागे पडलं. १९९६चं डोनेपेझिल मात्र आजही चिठ्ठीवर असतं. ते मेंदूतलं असिटिलकोलीन हे आठवणीला लागणारं रसायन टिकवतं, त्यामुळे काहींना थोडे दिवस बरं जातं. पेशींची झीज थांबत नाही. म्हणजे आई वर्षभर जरा सावरलेली राहिली, तर तोच गुण. घरच्यांना तो दिसत नाही. ‘काही फरक नाही’ म्हणत तिसऱ्या महिन्यात गोळ्या बंद होतात. त्यात त्यांची तरी काय चूक?

आता पुण्या-मुंबईतला मुलगा नव्या इंजेक्शनची बातमी फोनवर पाठवतो. लेकॅनेमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्के कमी झाली, हे बातमीत ठळक असतं. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर तो फरक अर्ध्या गुणाहून कमी, हे नसतं. औषध सुरुवातीच्या टप्प्यापुरतंच आहे आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो का, हे बघायला वरचेवर एमआरआय लागतो.

दुसरी एक गोष्ट सहसा निघतच नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या स्मृतीच्या गंभीर बिघाडालाही लागू आहे. उपचार कसे हवेत, आपल्या वतीने कोणी ठरवायचं, हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा हक्क त्याच कायद्याने दिला. त्यासाठी निदान आधी आईला कळायला हवं. आणि आई तर बाहेर बाकावर असते. ‘तिच्यासमोर नको’ म्हणून.