होम थिएटर आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक्स बसवण्याचे प्रशिक्षण: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडतो ती ठिकाणे

दहावीचा निकाल लागला की औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या यादीत ‘होम थिएटर’ नावाचा अभ्यासक्रम शोधणारी मुले दरवर्षी भेटतात, आणि तो सापडला नाही म्हणून त्यांतली काही जण नागपूर-अमरावतीच्या एखाद्या खासगी क्लासला बापाने सोयाबीन विकून आणलेले पैसे भरून मोकळी होतात. त्या नावाचा अभ्यासक्रम यादीत नाही, हे खरे आहे. मात्र भिंतीवर टीव्ही बसवणे, स्पीकरच्या तारा ओढणे, ॲम्प्लिफायर, सेट-टॉप बॉक्स, कॅमेरे आणि वाय-फाय जोडून देणे हे सगळे काम शासनमान्य प्रशिक्षणातून शिकता येते. फक्त ते तीन वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या नावांनी आहे. आपले वय, शिक्षण आणि अनुभव पाहून यांपैकी कोठे जायचे ते आधी ठरवावे. चुकीच्या ठिकाणी केलेला अर्ज कितीही नीट भरला तरी परतच येतो.

ज्याचे वय कमी आहे आणि दोन वर्षे देण्याची तयारी आहे त्याने आयटीआयला जावे. ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ आणि ‘मेकॅनिक कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक अप्लायन्सेस’ हे दोन्ही व्यवसाय दोन वर्षांचे असून त्यांना विज्ञान आणि गणितासह दहावी उत्तीर्ण असावे लागते. किमान वय चौदा वर्षे असून कमाल मर्यादा नाही, ही गोष्ट पंचविशी-तिशीतल्या उमेदवारांना सहसा कोणी सांगत नाही. दुसरा व्यवसाय प्रत्येक तालुक्याच्या संस्थेत नसतो, म्हणून विकल्प भरताना त्याच्याबरोबर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आणि वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, हेही ठेवावेत.

या प्रवेशात सर्वाधिक अर्ज बाद होतात ते एका शब्दामुळे, आणि तो शब्द म्हणजे ‘निश्चिती’. ऑनलाइन अर्ज भरला, शुल्क भरले, छापील प्रत हातात आली, की अर्ज झाला असे घरचे समजतात. वास्तविक मूळ कागदपत्रे घेऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जावे लागते, तेथे पडताळणी होते आणि तेथील कर्मचाऱ्याने संगणकावर अर्ज निश्चित केल्यानंतरच तो गुणवत्ता यादीत येतो. वेळापत्रकात अर्ज भरण्याची मुदत आणि निश्चितीची मुदत या दोन वेगळ्या ओळी असतात, आणि जाहिरातीच्या बारीक अक्षरांत त्या एकाखाली एक अशा छापलेल्या असतात की अनुभवी माणसाचीही गल्लत व्हावी. निश्चिती झाल्यावर व्यवसायांचा प्राधान्यक्रम भरणे हे तिसरे काम उरते. पहिल्या क्रमांकावर लिहिलेली जागा मिळाली आणि ती घेतली नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव वगळले जाते. म्हणून मित्राने भरले म्हणून आपणही तोच व्यवसाय वर लिहिला, असे करू नये.

ज्यांना दोन वर्षे काढणे शक्य नाही त्यांच्यासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे ज्याला बोलण्यात सगळे ‘आरसेटी’ म्हणतात, ती आहे. कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिरे येथे 1982 साली सुरू झालेल्या प्रयोगाच्या धर्तीवर बँकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत या संस्था काढल्या. प्रशिक्षण, राहणे आणि जेवण विनामूल्य असते आणि वयाची अट साधारणपणे 18 ते 45 आहे. सीसीटीव्ही कॅमेरा, सुरक्षा अलार्म आणि धूरसूचक बसवण्याचा अभ्यासक्रम तेरा दिवसांचा, तर टीव्ही तंत्रज्ञाचा तीस दिवसांचा असतो. संस्था केवळ जिल्ह्याच्या ठिकाणी असते. सिरोंचाच्या मुलाला गडचिरोलीला पोचायचे तर दोनशे किलोमीटरच्या वर प्रवास करावा लागतो, म्हणून ‘एकदा जाऊन चौकशी करून या’ हा सल्ला ऐकायला सोपा असला तरी मजुरी बुडवून पाळावा लागतो. आधी फोन करावा आणि सगळी कागदपत्रे पहिल्याच फेरीत न्यावीत.

आरसेटीचा अर्ज फारसा नाकारला जात नाही, तो हरवतो. पुरेसे उमेदवार जमल्यावर तुकडी सुरू होते आणि तेव्हा अर्जावरच्या क्रमांकावर फोन येतो. तोवर दोन-तीन महिने गेलेले असतात, रिचार्ज संपलेला असतो किंवा सिम बदललेले असते, आणि उमेदवार मात्र आपल्याला कोणी बोलावलेच नाही म्हणून रागावलेला असतो. अर्जावर स्वतःच्या क्रमांकाखाली घरातल्या ज्या माणसाचा क्रमांक वर्षानुवर्षे तोच आहे त्याचाही लिहावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना प्राधान्य असल्याने शिधापत्रिका, रोजगार हमीचे जॉबकार्ड किंवा आई ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण अभियानातल्या बचत गटात असेल तर त्या गटाचे पत्र सोबत जोडावे.

तिसरा मार्ग आधीच काम करणाऱ्यांसाठी आहे, आणि माझ्या मते आपल्या भागात सर्वाधिक गरज त्याचीच आहे. गावोगाव डिश बसवत फिरणारा माणूस घ्या. डीडी फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे हे त्याला कदाचित सांगता येणार नाही, पण घराच्या छपरावर चढला की सूर्य कोठे आहे ते पाहून तो छत्री आग्नेयेकडे वळवतो आणि दोन मिनिटांत सिग्नल आणून देतो. अशा माणसाला कामाचे प्रमाणपत्र मिळावे म्हणून पूर्वकौशल्य मान्यता, म्हणजे आरपीएल, ही सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ठेवली आहे. त्यात थोड्या तासांचे मार्गदर्शन, मग लेखी आणि प्रात्यक्षिक मूल्यमापन असते. नोंदणी स्किल इंडियाच्या डिजिटल मंचावर आधारच्या आधारे होते. ‘डीटीएच सेट-टॉप बॉक्स इन्स्टॉलेशन’ आणि ‘सीसीटीव्ही इन्स्टॉलेशन’ या आपल्या कामाच्या जवळच्या कौशल्यभूमिका, म्हणजे ज्या कामांचे प्रमाणपत्र मिळते ती नावे, आहेत, मात्र त्या दिवशी त्या केंद्राला कोणती भूमिका मंजूर आहे हे विचारल्याशिवाय नोंदणी करू नये. उमेदवाराकडून शुल्क घेण्याची तरतूद नाही. कोणी ‘फाइल चार्ज’ मागितला तर पावती मागावी, बहुतेक वेळा मागणी तेथेच थांबते.

येथे अडतो तो कोणाकडेच नसलेला कागद, म्हणजे अनुभवाचा दाखला. बारा वर्षे काम केलेल्या माणसाला तो देणार कोण? त्याने तालुक्याच्या एका दुकानदाराकडे रोख मजुरीवर काम केले, मग स्वतः सुरू केले, आणि दोन्ही काळांचा लेखी पुरावा म्हणून त्याच्याकडे एक मळलेली वही आहे. सरपंचाचे पत्र आणणारे पुष्कळ असतात. ते रहिवासासाठी उपयोगी पडते, अनुभवासाठी ते मान्य झालेले मी पाहिलेले नाही. त्यापेक्षा ज्या दुकानासाठी काम केले त्याच्या छापील पत्रावर कामाचे स्वरूप, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, दुकानदाराची सही, शिक्का आणि वस्तू-सेवा कर क्रमांक असे घ्यावे. क्रमांक नसेल तर ‘उद्यम’, म्हणजे छोट्या व्यवसायांच्या सरकारी नोंदणीचा, घ्यावा. स्वतःचे काम असेल तर स्वतःची उद्यम नोंदणी करावी, ती मोफत आहे. कंपनीने दिलेले जुने ओळखपत्र, कामाच्या ऑर्डरचे संदेश, बिलबुकाच्या झेरॉक्स हे सगळे सोबत ठेवावे. यात एक जाच हमखास होतो: पडताळणीला बसलेला माणूस दुकानदाराचा ‘गुमास्ता परवाना’, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा दाखला, मागतो. महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीची गरज उरलेली नाही, केवळ सूचना द्यावी लागते आणि तिची पोच मिळते. ती पोच दाखवावी आणि कायद्याचे वर्ष शांतपणे सांगावे. जो परवाना घेण्याची सक्तीच नाही तो आणून दाखवा म्हणून माणसाला दोनदा परत पाठवायचे, याला काय म्हणावे?

आता नावांबद्दल, कारण तिन्ही ठिकाणी समान अडचण हीच आहे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर ते शेवटी असते, आणि क्रम बदलला म्हणून सहसा कोणी अडवत नाही. अडवतात ते अक्षरांवरून. गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव ‘देवराव’ आणि आधारवर ‘देवराम’, किंवा इंग्रजी लिहिताना एका ठिकाणी एक ‘ए’ आणि दुसऱ्या ठिकाणी दोन, एवढ्यावरून आधारची पडताळणी जुळत नाही आणि संगणक कारण न देता नकार दाखवतो. ज्या कागदावर बदल करणे सोपे तो बदलावा, आणि तो बहुतेक वेळा आधारच असतो. मात्र आधारवर नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाईने चुकीची दुरुस्ती करून ती संधी घालवू नये. गुणपत्रिका समोर ठेवूनच, अक्षर अक्षर वाचून, अर्ज भरावा. पंधरा वर्षांचे झाल्यावर बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात हेही पुष्कळ घरांत राहून गेलेले असते, आणि मग मशीनवर अंगठा उमटत नाही. लग्न झालेल्या मुलींची गुणपत्रिका माहेरच्या नावाची आणि आधार सासरचे असते. त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र यांपैकी एक आधीच काढून ठेवावे. राजपत्राला वेळ लागतो, म्हणून निकालाची वाट न पाहता मार्च-एप्रिलमध्येच अर्ज करावा.

तारखेचा दुसरा घोटाळा दाखल्यांचा आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती यांना जातीच्या दाखल्यासोबत उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा, म्हणजे नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो. जानेवारीत काढलेला दाखला पुढच्या जानेवारीपर्यंत चालेल असे गृहीत धरून उमेदवार निश्चिंत राहतात. त्याची वैधता 31 मार्चला संपते. दाखल्याच्या खालच्या ओळीत ती तारीख लिहिलेली असते आणि तीच कोणी वाचत नाही. जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांग लागते आणि उपविभागीय अधिकाऱ्याची सही निश्चितीची मुदत उलटल्यावर होते. अर्ज दिल्याची पावती जपून ठेवावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार ठरलेल्या मुदतीत दाखला न मिळाल्यास अपील करता येते, आणि अपिलाचा नुसता उल्लेख केला तरी फाइल पुढे सरकल्याचे अनेकदा दिसले आहे.

विद्यावेतन किंवा शिष्यवृत्ती ज्या खात्यात यायची त्याबाबत बँकेत ‘आधार लिंक आहे का’ एवढे विचारून भागत नाही. खात्याला आधार जोडलेले असणे आणि ते खाते थेट लाभासाठी नोंदलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाभ एकाच खात्यात येतो, आणि ते शेवटी नोंदलेले खाते असते. सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एखाद्या पेमेंट बँकेत नकळत उघडलेले खाते हेच ते शेवटचे खाते निघाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहता येते. ती पाहून मगच खाते क्रमांक लिहावा.

मूल्यमापनाला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. स्पीकरवर ‘आठ ओहम’ छापलेले असते, परीक्षक मल्टिमीटर हातात देतो आणि मोजा म्हणतो. काटा किंवा आकडा सहा-साडेसहा दाखवतो, आणि वर्षानुवर्षे काम करणारा माणूस घाबरून ‘स्पीकर खराब आहे’ असे उत्तर देतो. स्पीकर चांगला आहे. मीटर डीसी रोध मोजतो, छापलेला आकडा एसी संकेताला होणाऱ्या एकूण विरोधाचा असतो, आणि मीटरवर तो कमीच येतो. तसेच आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ॲम्प्लिफायरवर चार ओहमचा भार पडतो, आणि तेवढ्यासाठी तो बनवलेला नसेल तर तापून बंद पडतो, हेही विचारतात. समोरचे दोन स्पीकर श्रोत्यापासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस अंशांवर आणि बाजूचे साधारण एकशे दहा अंशांवर असावेत, हे कागदावर काढून दाखवण्याचा सराव करावा. आपल्याकडच्या अरुंद बैठकीत सगळे बाजूचे स्पीकर मागच्या कोपऱ्यात टांगतात, आणि तेच बरोबर असल्याचे उत्तर देतात. प्रश्नपत्रिका मराठीत हवी असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगावे, परीक्षेच्या दिवशी नव्हे.

अमेरिकेत 1989 साली स्थापन झालेल्या ‘सेडिया’ या व्यावसायिक संघटनेच्या प्रमाणपत्रांबद्दलही काही जण विचारतात. मोठ्या शहरांतल्या महागड्या बंगल्यांचे काम करणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. हिंगणघाट-वणीकडे काम करणाऱ्याने त्यासाठी आधीच पैसे गुंतवू नयेत. ‘पीएम विश्वकर्मा’मध्ये अर्ज करून वर्षभर वाट पाहणारेही भेटतात. त्या योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, न्हावी, शिंपी आहेत, इलेक्ट्रॉनिक्स किंवा वायरमनचा व्यवसाय नाही.

शेवटी परवान्याचा प्रश्न. यांपैकी कोणतेही छोटे प्रमाणपत्र घराची वायरिंग करण्याचा परवाना नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवा, पंखा, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि परवानाधारक माणसाकडूनच व्हावे लागते. प्रोजेक्टरसाठी छतातून नवी लाइन ओढायची असेल, किंवा विजांच्या दिवसांत उपकरणे वाचावीत म्हणून नवे अर्थिंग करायचे असेल, तर ते काम परवानाधारक तारतंत्र्याकडे, म्हणजे वायरमनकडे, द्यावे आणि बिलावर त्याचे नाव वेगळे लिहावे. स्वतःला तो परवाना हवा असेल त्याने आयटीआयच्या विकल्पांत वीजतंत्री किंवा तारतंत्री वर ठेवावा. परवान्याचा अर्ज नंतर वेगळा करावा लागतो, आणि त्या अर्जावरचे नावही गुणपत्रिकेशी अक्षर अक्षर जुळावे लागते.