हे बंधन आहे की तडजोड?

'क्लायंटनं कामाची पार वाट लावली' हे गाऱ्हाणं डिझायनर मंडळींत रोजचंच. पण त्यातली बरीच गाऱ्हाणी तडजोडीची नसतात, बंधनाची असतात. दोन्हींत आपल्या मनासारखं करता येत नाही, म्हणून ती एकच वाटतात. बंधन काम हाती येतं तेव्हाच सोबत येतं. तडजोड मात्र काम करता करता आपण स्वतः, कळून-सवरून करतो.

कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं आठवा. वर्तमानपत्राचा साधा कागद, काळी शाई, मोजूनमापून विकत घेतलेली जागा आणि आजूबाजूला इतर नाटकांच्या जाहिरातींची गर्दी. निर्मात्याला हवं होतं ते एवढंच, की नाव डोळ्यांत भरावं आणि तिकिटं खपावीत. शुद्ध धंद्याचं काम! तरी नाटक ऐतिहासिक आहे की फार्स, हे नाव नीट वाचायच्या आधीच अक्षराच्या वळणावरून कळायचं. एखादी वेलांटी लांबवर ओढायची, कुठे फटकारा जाड ठेवायचा, कुठे शिरोरेघच मोडायची. सगळा खेळ काळ्या-पांढऱ्यातच.

र. कृ. जोशींचंही तसंच. मुक्तहस्त सुलेखनात रमणाऱ्या या माणसानं विंडोजसाठी 'मंगल' हा फाँट घडवला. मंगलला देखणा म्हणायला मी तरी धजणार नाही, पण पडद्यावर बारीक आकारातही जोडाक्षरं वाचता यावीत, हे त्याचं काम होतं. ते त्यानं वर्षानुवर्षं केलं.

आता तडजोड पाहायची तर किराणा दुकानात जा. जून २०२४मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, घट्ट अर्कात पाणी घालून बनवलेल्या रसांच्या पाकिटांवरून '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला सांगितलं. असं पाकीट डोळ्यांसमोर आणा. पुढे दव पडलेलं रसरशीत संत्रं आणि ठसठशीत दावा, मागे घटकांच्या यादीत बारीक टायपात 'पाणी'. काय मोठं करायचं आणि काय लपवायचं, ही मांडणी कुणा डिझायनरच्याच हातून झालेली असते. रंगसंगती उत्तम असेल, टायपोग्राफीही निर्दोष असेल. पण वाचणाऱ्याला फसवलं जातंय हे ठाऊक असून ते सजवलं, तर ती तडजोड.

आणि ते सुप्रसिद्ध 'लोगो मोठा करा'? आधी का ते विचारा. पाटी रस्त्यापलीकडून वाचता येत नाही, असं दुकानदार म्हणत असेल, तर चूक आपली आहे. 'घरच्यांना जांभळा नाही आवडला' असं असेल, तर एकदा वाद घालावा आणि सोडून द्यावा. त्यासाठी कलेचा झेंडा फडकवायची गरज नाही.

तडजोडीला क्लायंटचा दबाव लागतोच असंही नाही. १९७७मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या पर्यटन मोहिमेसाठी अमेरिकन डिझायनर मिल्टन ग्लेझर यांनी केलेलं चिन्ह मंजूरही झालं होतं. मग टॅक्सीत बसल्या बसल्या त्यांना त्याहून चांगलं सुचलं: 'आय', लाल बदाम, 'एनवाय'. हाताशी असलेल्या कागदावर ते खरडून त्यांनी मंजूर झालेलं काम पुन्हा उघडायला लावलं. या कामाचा मोबदलाही त्यांनी घेतला नव्हता. ते गप्प बसले असते, तर पहिलंच चिन्ह छापलं गेलं असतं आणि कुणाचीच काही तक्रार नसती.